भंगारातली गाडी हौसेने उभी करायची आहे? मग आधी जागा ठरवा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मावल्याजवळून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. नागपूर–हैदराबाद वाहतुकीमुळे या पट्ट्यात वेल्डर, टायरवाले, मिस्त्री शोधत फिरावे लागत नाही. गावात कुणाच्या तरी गोठ्याशेजारी एखादी मारुती 800 किंवा जुनी कमांडर जीप वर्षानुवर्षे उभी असते. पाटीवर अजून ‘एपी-01’ असते, टायर बसलेले असतात आणि बॉनेटखाली उंदरांनी घर केलेले असते. ती पाहून हात शिवशिवणारी तरुण मंडळी मावल्यात आहेत, जैनथ-बेल्यात आहेत, पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यातही आहेत. हौस चांगली आहे. गाडी उघडून पुन्हा जोडताना यंत्र जसे कळते तसे ते कोणत्याही पुस्तकातून कळत नाही.

पण सुरुवातीलाच गोंधळ होतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भंगारातून जोडलेली गाडी रस्त्यावर नेता येते का? दुचाकीचे इंजिन बसवले तर तिची नोंदणी होते का? फक्त शेतातच चालवायची असेल तरी कागद लागतात का? आणि कुठला भाग जुगाडाने चालतो, कुठला नाही?

या सगळ्यांची उत्तरे एका निर्णयावर अवलंबून आहेत: ही गाडी कुठे चालणार? बहुतेक जण हा प्रश्न शेवटी विचारतात. तोवर छत कापलेले असते, पैसे गेलेले असतात आणि परतीची वाट बंद झालेली असते.

देवराष्ट्रेच्या जीपचे काय झाले

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांची जीप डिसेंबर 2021 मध्ये देशभर गाजली. लोहारकामाचे हात, मोटार अभियांत्रिकीचे शिक्षण नाही, आणि भंगारातले सुटे भाग. त्यातून त्यांनी सुमारे 60,000 रुपयांत मुलासाठी छोटी जीप उभी केली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे आणि तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला होते. तिची चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीर कौतुक केले. त्याच वेळी त्यांनी स्पष्टही केले की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्यांनी त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. लोहार कुटुंब हाताने घडवलेली गाडी द्यायला आधी तयार नव्हते. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्यांच्या हाती आली.

या कथेतले कौतुक सगळ्यांच्या लक्षात राहिले, नियमांचा भाग विसरला गेला. लोहारांचे कसब अस्सल होते, यात शंका नाही. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी केली, तिथे लोखंडाशी जुळलेल्या हातांची परंपरा जुनी आहे. तरीही कसब आणि परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रत्येक जुगाडाच्या बदल्यात कुणी नवी गाडी देणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असू द्या. राजस्थान-पंजाबकडे पंपाचे डिझेल इंजिन बसवून ‘जुगाड’ नावाची वाहने चालतात. 2013 मध्ये न्यायालयाने ती ‘मोटार वाहन’च आहेत असे ठरवले. म्हणजे नोंदणी, विमा, परवाना हे सगळे नियम त्यांना लागू. पुढे जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने सांगितले की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा आर.सी.वरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. याचा आधार मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम 182-अ खाली 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड ‘प्रत्येक बदलासाठी’ आहे, हे शब्द महत्त्वाचे आहेत.

तुमच्यापुढच्या वाटा

पहिली वाट: मूळ गाडी मूळ रूपात रस्त्यावर आणणे. तेच इंजिन, तीच चेसिस, तोच सांगाडा. गंजलेला पत्रा बदलणे, सीट शिवून घेणे, त्याच मापाचे जुने पण चांगले सुटे भाग बसवणे, हे सगळे यात येते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेलंगणा 2 जून 2014 ला झाले, त्यामुळे ‘एपी-01’ पाटीची गाडी त्याआधीची आहे हे उघड आहे. बहुतेकींची मुदत संपलेली तरी आहे किंवा संपत आली आहे. 1 एप्रिल 2022 पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये झाले, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000 करण्यात आले. उशीर झाल्यास महिन्याला 500 रुपये वेगळे, शिवाय हरित कर. सात-आठ वर्षे कागद न झालेली गाडी घेताना हा हिशेब आधी मांडा. पुष्कळदा गाडीपेक्षा थकबाकी मोठी निघते.

इंजिन बदलायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या, मग नव्या इंजिनाचा क्रमांक आर.सी.वर चढवून घ्या. रंग बदलला तरी त्याची नोंद लागते. सीएनजी, एलपीजी किंवा विजेचे किट बसवायचे तर ते मान्यताप्राप्त असले पाहिजे. अशा किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. गावातल्या मिस्त्रीने जोडलेल्या मोटर-बॅटरीची नोंदणी होत नाही.

दुसरी वाट: केवळ बंदिस्त आवारात चालणारी हौशी गाडी. छत नाही, बॉडी हाताने केलेली, इंजिन रिक्षाचे असे सगळे स्वातंत्र्य इथेच आहे. पण या वाटेबद्दल सर्वात मोठा गैरसमजही आहे.

‘माझे शेत, माझी गाडी, कोण विचारणार?’ असे म्हटले जाते. कायद्याचे कलम 39 मात्र ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवू नये असे सांगते. शेत खासगी आहे एवढ्याने सूट मिळत नाही. सूट आहे ती कलम 2(28) मधल्या व्याख्येत: फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास जुळवलेले वाहन ‘मोटार वाहन’ धरले जात नाही. ऑगस्ट 2025 मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या वाहनांवरील कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भिंतीने बंदिस्त, बाहेरच्यांना मुक्त प्रवेश नसलेले आवार हे सार्वजनिक ठिकाण नव्हे, म्हणून तिथेच फिरणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही, असा निकाल लागला. तो निकाल करापुरता होता. पण ‘बंदिस्त’ म्हणजे काय याची कल्पना त्यातून येते.

तेव्हा ज्या शेतातून गाडीवाट जाते, शेजारी बैल घेऊन ये-जा करतात, गावची पोरे खेळायला येतात, ते शेत बंदिस्त नाही. कुंपण, फाटक आणि बाहेरच्याला मज्जाव या तीन गोष्टी हव्यात. गाडीही अशी असावी की ती फक्त तिथेच चालेल. काम सुरू करण्याआधी आदिलाबादच्या जिल्हा परिवहन कार्यालयात एक साधा अर्ज द्या: अमुक आवारात, अमुक स्वरूपाचे वाहन, रस्त्यावर आणणार नाही, याला काय लागेल? पोच घ्या. उत्तर लेखी मिळाले तर उत्तमच.

तिसरी वाट: पन्नाशी ओलांडलेली गाडी. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या, व्यावसायिक वापर नसलेल्या गाडीला जुलै 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. अट मोठी आहे: चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. रोजच्या वापराची मुभाही नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. म्हणून कुणाच्या वाड्यात 1970 ची फियाट किंवा अँबॅसिडर सापडली तर तिला कटर लावू नका. तिचे मोल तिच्या मूळपणात आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक दार उघडे आहे, ते म्हणजे ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा. 2007 पासून ती होते. संघांनी स्वतः पाइप जोडून एका चालकाची खडबडीत रानात धावणारी गाडी बनवायची असते. ज्यांना शून्यातून गाडी घडवायची आहे त्यांना याहून चांगली शाळा नाही.

गाडी निवडताना

आपल्या भागात सहज मिळणाऱ्या गाड्यांचे दोन प्रकार ओळखा.

जुनी महिंद्रा जीप, कमांडर, मारुती जिप्सी यांना खाली स्वतंत्र लोखंडी चेसिस असते आणि बॉडी वर बसवलेली असते. बॉडी उतरवली तरी गाडी चालू शकते. हाताने बॉडी करायची असेल तर हाच प्रकार घ्या. विदर्भात आणि सीमाभागात काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जीपगाड्या याच जातीच्या. पाटे आणि चेसिस वाकलेले नाहीत एवढे तपासा.

मारुती 800 आणि ओम्नी यांचा पत्राच सांगाडा असतो. छत, दरवाजाखालची पट्टी, मधला खांब हे सगळे मिळून भार पेलतात. छत कापले की गाडी मधून वाकायला लागते, दरवाजे बसत नाहीत आणि उलटली तर आत बसलेल्याला काहीच संरक्षण उरत नाही. 796 सीसीचे हे इंजिन मात्र नवशिक्याला फार सोयीचे: हलके, साधे, गावोगावी मिस्त्रींच्या हातातले. मारुती 800 डिसेंबर 1983 पासून 2014 च्या सुरुवातीपर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. तेव्हा 800 घेतलीत तर सांगाडा शाबूत ठेवा आणि हौस आत-बाहेरच्या सजावटीवर भागवा.

दुचाकीचे इंजिन चार चाकांत बसवायचा मोह अनेकांना होतो. त्याला रिव्हर्स नसतो, ते वाऱ्याने थंड होते म्हणून बंद बॉनेटखाली तापते, आणि चेनने मागचा अख्खा दांडा फिरवला तर वळणावर दोन्ही चाके एकाच वेगाने फिरून गाडी ओढली जाते. रिक्षाचा गिअरबॉक्स घेतला तर रिव्हर्सही मिळतो आणि डिफरन्शियलही. मापे जुळवायचे कष्ट त्यात कमी आहेत.

व्यवहार करताना

इथे घाई केलेली महागात पडते.

- चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक स्वतः वाचा, पेन्सिलने कागदावर छाप घ्या, आर.सी.शी ताडा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्ड केलेला क्रमांक दिसला तर तिथून परत फिरा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे वाटायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.
- आर.सी. नसलेली ‘स्वस्त’ गाडी घेऊ नका, सुटे भाग काढायला म्हणूनही नाही.
- कर्जाचा बोजा आर.सी.वर असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आधी, पैसे नंतर.
- भंगारवाल्याकडून इंजिन, गिअरबॉक्स किंवा अ‍ॅक्सल घेताना क्रमांक लिहिलेली पावती मागा. देत नसेल तर माल सोडा.

सीमेवर राहणाऱ्यांना एक जादा काम आहे. यवतमाळची ‘एमएच-29’ किंवा चंद्रपूरची ‘एमएच-34’ गाडी इकडे आणायची तर मूळ कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना 28) आणि हस्तांतराचे नमुने 29 व 30 लागतात. घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर इथली नोंदणी घ्यावी लागते आणि तेलंगणाचा कर भरावा लागतो. नातेवाइकाने ‘घेऊन जा, कागद नंतर करू’ म्हटले तरी कागद आधी करून घ्या. अपघात झाला तर आर.सी.वर ज्याचे नाव आहे त्याच्या दारात नोटीस जाते आणि नाते तुटते.

आणि तुम्ही दुसरी वाट धरून रस्त्याची गाडी कायमची मोडली असेल, तर कलम 55 नुसार ती वापरायोग्य राहिली नाही हे नोंदणी कार्यालयाला 14 दिवसांत कळवून आर.सी. परत करायची असते. हे काम जवळजवळ कुणीच करत नाही. परिणामी गाडी कागदावर जिवंत राहते आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या चोरीच्या गाडीवर झळकू शकतो.

जुगाड कुठे करा, कुठे करू नका

अमेरिकेत 2006 पासून ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची शर्यत भरते. 500 डॉलरच्या आत घेतलेल्या, डागडुजी केलेल्या खटारा गाड्याच त्यात उतरवायच्या, अशी तिची कल्पना. एका नियमात तिचे सगळे शहाणपण आहे: ब्रेक, चाके-टायर, सीट, पट्टे, उलटल्यावर वाचवणारा पाइपांचा पिंजरा यांचा खर्च त्या 500 डॉलरमध्ये धरत नाहीत. म्हणजे गाडी हवी तितकी स्वस्त करा, पण सुरक्षेत काटकसर करण्याचे कारणच उरू नये.

मावल्यातल्या गाडीलाही हाच नियम लावा. बजेट ठरवताना ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सीट-पट्टा आणि इंधनाची नळी यांचे पैसे आधी बाजूला काढा. जे उरेल त्यात हौस करा.

हौसेला मोकळे रान कुठे आहे? डॅशबोर्ड जुन्या पेटीच्या पत्र्याचा करा. ट्रॅक्टरचे दिवे लावा, घरगुती पद्धतीची बटणे लावा, मडगार्ड ड्रमच्या पत्र्यातून कापा. पायाखाली सागाची फळी, सीटला रेक्झिन किंवा घोंगडी, बॉनेटला जुन्या जीपचा पत्रा, सगळे चालेल. रेडिएटरच्या जादा पाण्यासाठी प्लास्टिकचा डबा चालतो. दुसऱ्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा लावलात तर आदिलाबादच्या उन्हाळ्यात उपकारच होतील. कापलेल्या प्रत्येक पत्र्याची धार मात्र कानशीने मारा आणि वर रबरी पट्टी चढवा.

आता जिथे हात आखडायचा नाही ते भाग.

ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, रबरी होज हे नवे घ्या. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा दुसरे काही ओतू नका. रबर फुगते आणि ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून जुने पूर्ण काढून सील असलेल्या बाटलीतलेच भरा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बाहा स्पर्धेत गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट लागतात, आणि चारही चाके जाम होऊन गाडी थांबली तरच ती पुढे जाते. तुमच्या गाडीलाही चालण्याच्या वेगात हीच परीक्षा द्या.

स्टिअरिंग. टाय रॉड, बॉल जॉइंट, कॉलम यांना वेल्डिंग नको. कॉलम लांब करायचा असेल तर दुसऱ्या गाडीचा पूर्ण कॉलम शोधा. वेल्ड बाहेरून सुबक दिसले तरी आत भेग असू शकते, आणि ती वळणावरच उघडते.

इंधन. घरगुती गॅसचा सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत नको. तो बेकायदा आहे आणि जीवघेणाही. पेट्रोलसाठी प्लास्टिकची बाटली किंवा पारदर्शक पाण्याची नळीही नको. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरची वायसरे आणि रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडून गळतात. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. नळी इथेनॉल चालणारी घ्या आणि सायलेन्सरपासून दूर न्या.

टायर. नक्षी शाबूत असणे पुरेसे नाही. बाजूवर चार आकडे असतात: ‘2319’ म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर उन्हात तडकलेला नसला तरी नको.

पिंजरा आणि पट्टा. छत नसेल तर डोक्यावर पाइपांचा पिंजरा हवाच. पाण्याचा जीआय पाइप चालणार नाही. बाहाच्या नियमांत मुख्य पाइपचे मूळ माप 25.4 मिमी बाहेरील व्यास आणि 3 मिमी जाडी, तोही पोलादी, असे आहे. ती गाडी हलकी असते हे लक्षात घ्या, जीप असेल तर याहून जाड हवा. पट्टा बोल्टने चेसिसला बांधा, पत्र्याला नाही. पिंजरा आहे पण पट्टा नाही, अशी गाडी सर्वात धोकादायक. उलटली की डोके त्याच पाइपवर आपटते. हेल्मेट घाला.

वीज. बॅटरीच्या धन टोकाजवळच मोठा फ्यूज टाका, आणि बसल्या जागेवरून हात पोहोचेल असे सगळे बंद करणारे एक बटण ठेवा. बाहात असे दोन ठेवतात, एक चालकाजवळ आणि एक बाहेरून दाबता येईल असे. बॅटरी पट्टीने घट्ट बांधा.

काम करताना

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, घोड्या लावा. विटा-दगडांवर गाडी टेकवण्याची पद्धत गावोगावी दिसते. वीट एकदम फुटते, आधी इशारा देत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायर काढा. रिकाम्या पेट्रोल टाकीला वेल्ड करू नका, धुऊनही नाही. आत राहिलेली वाफ पेटते. टाकी बदला. जीआय पत्र्यावर वेल्ड करायचे असेल तर जस्त घासून काढा, कारण त्याचा धूर ताप आणतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गाडी थांबवायला शिकवा, मग वळवायला, मग चालवायला. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी इंजिन सुरू करायची घाई होते आणि ब्रेक नसलेली गाडी उतारावर धावते. उघडलेला प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यात टाका, मोबाइलवर फोटो काढा.

मावल्याच्या मातीत

आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चाके गिळते आणि गाडी ओढून काढताना क्लच जळतो. कापूस वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, की मैदान मोकळे होते. तेव्हा धूळ फार असते, म्हणून हवेचा फिल्टर दर फेरीनंतर झटका. वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरला आग लावायला तेवढे पुरते. गाडीत अग्निशामक सिलिंडर बांधलेला हवा.

शेतातल्या विहिरीपासून चांगले अंतर ठेवा, विशेषतः कठडा नसेल तर. राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. घरून शेतात न्यायची तर टेम्पोवर चढवून न्या. दोरीने ओढत नेली तरी ती रस्त्यावरच असते.

आणि मुलांच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. अल्पवयीनाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे.

अडवले किंवा फसवले तर तुमचे हक्क

विनानोंदणी गाडी रस्त्यावर सापडली तर कलम 192 खाली पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे आणि कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते. त्याच कलमात तुमचा हक्कही आहे: मालकी आणि वापराचे कागद जोडून गाडी सोडवण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणूनच पावत्या, टेम्पोच्या भाड्याची चिठ्ठी, परिवहन कार्यालयाची पोच हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा. नोंदणी असलेल्या गाडीचे डिजिलॉकरमधले कागद दाखवले तरी ते ग्राह्य आहेत.

विमा नसताना रस्त्यावर कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. चूक कुणाची हे न पाहता द्यायची रक्कम कलम 164 मध्ये ठरलेली आहे: मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. ‘जरा पेट्रोल भरून येतो’ एवढ्यासाठी ही जोखीम घेऊ नका. पेट्रोल पंपावरून धातूच्या कॅनमध्ये आणा.

गॅरेजवाल्याने पैसे घेऊन काम बिघडवले, जुना भाग नवा म्हणून बसवला, तर तुम्ही ग्राहक आहात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी बिल हवे, आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्या. ते तुमचेच असतात.

काम संपल्यावर उरलेले भंगार

काही गाड्या उभ्या राहत नाहीत, हेही मान्य करा. नोंदणी असलेली गाडी मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना राज्यांनी 25 टक्क्यांपर्यंत करसवलत द्यावी अशी केंद्राची तरतूद एप्रिल 2022 पासून आहे. तेलंगणात आज किती मिळते ते जिल्हा परिवहन कार्यालयात विचारा, आणि गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागून घ्या.

जुनी बॅटरी फोडू नका, दुकानदार परत घेतो. काढलेले जळके ऑइल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. मावल्याच्या तलावाकडे जाणारे पाणी याच ओढ्या-नाल्यांतून वाहते.